‘क्लोन हाय’ मालिकेची निर्मिती, विरोध आणि समाप्ती (२००२-०३) : ऐतिहासिक पुरुषांच्या उपहासचित्रणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

३० जानेवारी २००३ रोजी, म्हणजे महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, दिल्लीत सुमारे दीडशे लोक उपोषणास बसले. त्यांचा रोष एखाद्या शासननिर्णयावर नव्हता. अमेरिकेतील एका वाहिनीवर दहाच दिवसांपूर्वी सुरू झालेली कार्टून मालिका हे त्या उपोषणाचे निमित्त होते. ही मालिका भारतात दाखविली गेली नव्हती. त्यामुळे उपोषणास बसलेल्यांपैकी फारच थोड्यांनी तिचा एखादा भाग प्रत्यक्ष पाहिला असेल. मालिकेचे नाव ‘क्लोन हाय’. पहिल्या तेरा भागांनंतर ती बंद झाली.

भारतात या प्रकरणाची आठवण ‘गांधीजींचा अपमान करणारी मालिका बंद पाडली’ एवढ्या एका वाक्यात उरली आहे. अमेरिकेत त्या मालिकेच्या चाहत्यांमध्ये ‘भारतीयांच्या विरोधामुळे एक चांगली मालिका मेली’ असे दुसरे वाक्य रूढ झाले. ही दोन्ही वाक्ये परस्परविरोधी वाटली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे उपोषण झाले म्हणून मालिका संपली. इतिहासाच्या अभ्यासकाने हे गृहीतक तपासून पाहावयास हवे. हा प्रश्न केवळ एका परदेशी करमणुकीच्या कार्यक्रमाचा नाही. ऐतिहासिक पुरुषाची प्रतिमा कोणाच्या मालकीची असते, तिच्याशी थट्टा करण्याचा अधिकार कोणास असतो आणि तो कोणत्या मर्यादेपर्यंत असतो, हे प्रश्न गेली तीन-चार दशके महाराष्ट्रात वारंवार उभे राहिले आहेत. प्रस्तुत लेखात या मालिकेचा इतिहास त्या संदर्भात मांडला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

या मालिकेचे जनक फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर हे अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे विद्यार्थी-मित्र. त्यांच्या जोडीस बिल लॉरेन्स हे दूरचित्रवाणी-मालिकांचे अनुभवी निर्माते आले. इतिहासातील थोर व्यक्तींच्या अवशेषांतून त्यांची प्रतिरूपे, म्हणजे क्लोन, तयार करावीत आणि ती सर्व एका अमेरिकी शाळेत शिकत आहेत असे दाखवावे, ही मूळ कल्पना. प्रथम ती फॉक्स वाहिनीसाठी विकसित करण्यात आली. फॉक्सने ती नाकारल्यावर २००१ साली एमटीव्हीने ती स्वीकारली. चित्रणाचे काम कॅनडातील नेल्व्हाना या कंपनीकडे गेले. कॅनडातील टेलिटून वाहिनीवर २ नोव्हेंबर २००२ रोजी मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले आणि अमेरिकेत एमटीव्हीवर २० जानेवारी २००३ रोजी.

या तारखांकडे सहसा दुर्लक्ष होते. परंतु पुढील घटनांचा उलगडा त्यांच्यामुळेच होतो. ॲनिमेशन मालिकेच्या निर्मितीची रीत नाटकाच्या किंवा वृत्तपत्राच्या रीतीपेक्षा अगदी वेगळी असते. आधी संहिता पक्की होते, मग नटांचे आवाज ध्वनिमुद्रित होतात, त्या आवाजांवर चित्रफलक रचले जातात आणि त्यानंतर हजारो रेखाटने, रंगकाम व जुळणी होते. एका भागास अनेक महिने लागतात. परिणामी, प्रेक्षक पहिला भाग पाहतो तेव्हा हंगामातील उरलेल्या भागांचेही काम बरेचसे आटोपलेले असते. नाटकास विरोध झाला तर दुसऱ्या प्रयोगास संवाद बदलता येतो. येथे तशी सोय नव्हती. जानेवारीत उठलेला आक्षेप मालिकेच्या आशयास स्पर्श करू शकत नव्हता. तिचे पुढील हंगाम व्हावेत की नाहीत, एवढेच त्याच्या हाती होते.

शैलीच्या दृष्टीने मालिका मुद्दाम सपाट, कोनदार आणि कमी हालचालींची ठेवली होती. १९५० च्या दशकात यूपीए या अमेरिकी स्टुडिओने ही मर्यादित ॲनिमेशनची पद्धत लोकप्रिय केली होती. तिच्यात खर्च कमी आणि संवादाचा भार अधिक. त्यामुळे पात्रे दिसण्यापेक्षा बोलण्यातून अधिक उभी राहतात. गांधींच्या पात्राविषयी झालेल्या वादात मात्र चर्चा झाली ती प्रामुख्याने चित्राची. ते पात्र काय बोलत होते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

गांधींचे पात्र

मालिकेची प्रमुख पात्रे पाच : अब्राहम लिंकन, जोन ऑफ आर्क, क्लिओपात्रा, जॉन केनेडी आणि गांधी. सर्व किशोरवयीन. लिंकनचा क्लोन निर्णय घेण्यास कचरणारा आहे, केनेडीचा क्लोन उथळ आणि मुलींच्या मागे लागणारा, तर जोन उदास आणि एकाकी. म्हणजे प्रत्येक क्लोन आपल्या मूळ व्यक्तीच्या कीर्तीखाली दबलेला किंवा तिच्या अगदी उलट झालेला आहे. अमेरिकनांनी आपल्या दोन राष्ट्राध्यक्षांचीही तीच गत केली होती, ही गोष्ट भारतातील चर्चेत जवळजवळ आलीच नाही.

गांधींचा क्लोन हा चंचल, बडबड्या, मेजवान्यांचा शौकीन आणि सतत लोकांना हसविण्याची धडपड करणारा मुलगा आहे. मूळ गांधींच्या महानतेचा भार त्याला पेलवत नाही, म्हणून तो बंड करून असा झाला आहे, असे मालिकेत सुचविले आहे. एक संपूर्ण भाग त्याच्या अवधानदोषावर, म्हणजे एकाग्रता न होण्याच्या विकारावर बेतलेला आहे. त्याचे सहाध्यायी अज्ञानामुळे त्या विकाराची भीती बाळगतात आणि त्याच्यावर बहिष्कार टाकतात. त्या भागाचा उपहास रुग्णावर नसून त्याला वाळीत टाकणाऱ्या समाजावर आहे. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलेल्या पुरुषाच्या प्रतिरूपास बहिष्कृत दाखविण्यात लेखकांनी काही अर्थ योजला होता की तो निव्वळ योगायोग, हे सांगणे कठीण आहे. लेखकांची एकूण वृत्ती पाहता योगायोगाचीच शक्यता अधिक दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवावयास हवी. मालिकेतील गांधींशी ऐतिहासिक गांधींचा संबंध नाव, चष्मा आणि अंगकाठी यांपलीकडे फार थोडा आहे. लिंकन आणि केनेडी यांच्या पात्रांत अमेरिकी प्रेक्षकास ठाऊक असलेल्या चरित्राशी खेळ आहे. गांधींच्या पात्रात तो नाही, कारण त्या प्रेक्षकास गांधीचरित्र ठाऊकच नव्हते. ‘थोर, कृश, शांत माणूस’ एवढीच एक प्रतिमा त्याच्याजवळ होती. १९८२ साली आलेल्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या चित्रपटाने आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲपल कंपनीने आपल्या जाहिरातमोहिमेत वापरलेल्या गांधींच्या छायाचित्राने ती पक्की केली होती. जाहिरातीतील त्या वापरावर भारतात उपोषण झाले नव्हते. संगणक विकण्यासाठी गांधींना उभे करणे चालते आणि विनोदासाठी उभे करणे चालत नाही, हा भेद तपासून पाहण्याजोगा आहे.

विरोधाचा क्रम

जानेवारी २००३ मध्ये ‘मॅक्झिम’ या अमेरिकी मासिकात एक व्यंगचित्रमालिका छापून आली. व्यायामाच्या सल्ल्याचा आव आणणाऱ्या त्या चित्रांत एक धट्टाकट्टा इसम गांधींना मारहाण करताना दाखविला होता. अहिंसेच्या प्रवर्तकास मार खाताना दाखविणे हाच तेथील विनोद होता आणि तो अत्यंत हीन अभिरुचीचा होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. भारतात व परदेशस्थ भारतीयांत त्यावर संताप उसळला आणि मासिकास दिलगिरी व्यक्त करावी लागली. याच लाटेत ‘क्लोन हाय’कडे लक्ष गेले. दोन वेगळ्या प्रतीच्या कृती एकाच आरोपाखाली एकत्र आल्या आणि पहिलीच्या दोषाचा भार दुसरीवरही पडला.

उपोषणाचे नेतृत्व गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांनी केले. पणजोबांचेच शस्त्र त्यांनी वापरले. हे शस्त्र चालविताना प्रतिपक्षाशी आधी संवाद झालेला असावा, असा मूळ वापरकर्त्याचा दंडक होता. एका दूरच्या कंपनीच्या बाबतीत तो कितपत पाळता येतो, हा प्रश्न सत्याग्रहाच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवणे बरे. एमटीव्हीने लगोलग निवेदन काढले. मालिका अमेरिकी प्रेक्षकांसाठी बनविलेली आहे, निरनिराळ्या संस्कृतींत तिच्याकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहिले जाऊ शकते आणि कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद आहे, असा त्याचा आशय होता. मालिकाकारांनी पुढे मुलाखतींत असे सांगितले, की त्या सुमारास वाहिनीच्या मातृसंस्थेचे एक वरिष्ठ अधिकारी भारतात होते, निदर्शकांमुळे त्यांना इमारतीत अडकून पडावे लागले आणि भारतातील प्रक्षेपणाचा परवाना धोक्यात येईल अशी भीती निर्माण झाली.

ही भीती समजून घेण्यासाठी त्या काळातील बाजारपेठ ध्यानात घेतली पाहिजे. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्यांना भारत खुला झाला आणि १९९६ पासून एमटीव्हीने मुंबईत बस्तान बसवून खास भारतीय वाहिनी चालविली. हिंदी चित्रपटगीते, भारतीय निवेदक, मिश्र बोली अशा मार्गाने तिने तरुण प्रेक्षक मिळविला होता. एका बाजूस तेरा भागांची, कमी प्रेक्षकसंख्येची कार्टून मालिका आणि दुसऱ्या बाजूस कोट्यवधी प्रेक्षकांचा देश, असा तो हिशेब होता.

कारणमीमांसा

मग मालिका विरोधामुळेच संपली काय? घटनाक्रम तसे सरळ उत्तर देत नाही. ३० जानेवारीच्या उपोषणानंतरही एमटीव्हीवर मालिकेचे भाग दाखविले जात होते. मार्चपर्यंत आठ भाग झाले आणि मग प्रक्षेपण थांबले. उरलेले पाच भाग त्या वेळी अमेरिकी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाहीत. कॅनडात मात्र एप्रिल २००३ पर्यंत सर्व तेरा भाग दाखविले गेले. केवळ भारतीय रोष हेच कारण असते, तर प्रक्षेपण फेब्रुवारीच्या आरंभीच थांबावयास हवे होते. ते थांबले नाही, कारण मालिका भारतात दिसतच नव्हती आणि निवेदनाने तात्पुरते काम भागले होते. आठव्या भागानंतर ती उचलली गेली ती प्रामुख्याने प्रेक्षक न मिळाल्यामुळे.

विरोधाचा खरा परिणाम दुसऱ्या हंगामावर झाला. निर्मात्यांनी सांगितल्याप्रमाणे, पुढील हंगामासाठी त्यांनी दोन पर्याय मांडले. एकात गांधींचे पात्र काहीही न बोलता गायब होणार होते. दुसऱ्यात हा मुलगा मुळात गांधींचा नव्हे, तर गॅरी कोलमन या अमेरिकी विनोदी नटाचा क्लोन होता असा उलगडा होणार होता. वरिष्ठांनी दोन्ही नाकारले. ज्या कृतीस मोठा प्रेक्षकवर्ग नाही तिच्यासाठी वाद पत्करण्यास कोणतीही व्यापारी संस्था तयार होत नाही. म्हणजे अपयशाने मालिका दुबळी झाली आणि विरोधाने तिचा परतीचा मार्ग बंद केला. ही दोन कारणे एकमेकांस पूरक आहेत. त्यांपैकी एकच निवडण्याचा हट्ट दोन्ही देशांतील प्रचलित कथनांनी धरला आहे. यशस्वी मालिकेवर असाच विरोध झाला असता, तर पात्र बदलून मालिका चालली असती, असे मानण्यास वाव आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

या प्रकरणात एका भारतीय कायद्याचे नाव कोठेच आले नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्रीय कायदा व्यापारी कारणासाठी काही नावे व चित्रे वापरण्यास मनाई करतो. त्याच्या परिशिष्टातील एकाच नोंदीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे लागोपाठ येतात. राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातून गड चढणाऱ्या विद्यार्थ्यास या दोन पुरुषांना एका ओळीत बसविणारी ही नोंद कुतूहलाची वाटेल. कायद्याने दोघांच्या प्रतिमा बाजारापासून सारख्याच राखल्या. लोकमानसाने मात्र त्या सारख्या राखल्या नाहीत.

‘क्लोन हाय’वरील उपोषणास वर्ष पूर्ण होण्याआधीच, ५ जानेवारी २००४ रोजी, जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या वादातून पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. पुस्तक प्रकाशकांनी आधीच मागे घेतले होते. दिल्लीतील उपोषण आणि पुण्यातील मोडतोड यांत साधनांचा फरक फार मोठा आहे आणि तो पुसून टाकणे अन्यायाचे होईल. एका ठिकाणी आंदोलकांनी स्वतःस क्लेश दिले, दुसऱ्या ठिकाणी हस्तलिखिते आणि ग्रंथ यांना. तरीही दोन्हींत एक समान धागा आहे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ कृती वाचली वा पाहिली नव्हती आणि ती पाहण्याची गरज त्यांना वाटली नव्हती.

गांधींच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्वतःचे एक मोठे प्रकरण आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ मधील. १९९४ साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंकात पुनर्मुद्रित झाली तेव्हा पुण्यातील पतित पावन संघटनेने तक्रार केली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो वीस वर्षे चालला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंकाचे प्रकाशक देविदास तुळजापूरकर यांना दोषमुक्त केले. मात्र, ज्यांच्याविषयी समाजात आदर आहे अशा ऐतिहासिक व्यक्तीच्या मुखी अश्लील भाषा घातली गेल्यास समकालीन समाजमान्य निकष अधिक कठोरपणे लागू होतो, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे ‘क्लोन हाय’च्या वेळी जो प्रश्न रस्त्यावर आणि कंपनीच्या कार्यालयात सुटला, तोच प्रश्न महाराष्ट्रातील कवीस न्यायालयात दोन दशके सोसावा लागला. विशेष म्हणजे, गुर्जरांची कविता गांधींच्या निमित्ताने गांधींचे नाव वापरणाऱ्यांवर बोलते. या बाबतीत ती अमेरिकी मालिकेपेक्षा कितीतरी गंभीर कृती आहे, आणि शिक्षा तिलाच अधिक झाली.

थट्टेविषयी खुद्द गांधींची भूमिका काय होती? त्यांच्या हयातीत डेव्हिड लो यांच्यापासून शंकर यांच्यापर्यंत अनेकांनी त्यांची व्यंगचित्रे काढली, आणि त्यांची पंचा, काठी, चष्मा ही चिन्हे व्यंगचित्रकारांस आयतीच मिळाली. गांधी विनोदाचे विरोधक नव्हते. परंतु १९३९ साली शंकर यांनी जिनांवर काढलेल्या एका चित्राबद्दल त्यांनी व्यंगचित्रकारास पत्र लिहून समज दिली होती. चित्र वस्तुस्थितीस धरून असावे आणि न दुखावता हसवावे, असा त्या पत्राचा आशय. ते पत्र स्वतःच्या चित्राबद्दल नव्हते, प्रतिस्पर्ध्याच्या चित्राबद्दल होते. या कसोटीवर ‘मॅक्झिम’चे चित्र तर उतरत नाहीच, ‘क्लोन हाय’ही पुरती उतरत नाही. परंतु त्या पत्रात बंदीची मागणी नव्हती.

आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. मुंबईतील एका गुंडास गांधी दिसू लागतात आणि तो त्यांच्याशी घरच्या माणसासारखा बोलतो, अशी कथा असलेल्या या विनोदी चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी गांधींची भूमिका केली व त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षक गांधींसमोर हसले आणि कोणीही उपोषणास बसले नाही. फरक विनोद असण्या-नसण्याचा नव्हता. मुन्नाभाईतील विनोद गांधींना ओळखणाऱ्या समाजातून आला होता आणि हसू गुंडाच्या अज्ञानावर होते. ‘क्लोन हाय’मध्ये ज्याचे नाव घेतले त्यालाच लेखक ओळखत नव्हते.

‘रामायण’पटाचे उदाहरण

ॲनिमेशन हे माध्यमच पूज्य विषयांस हलके करते, अशी एक समजूत या वादांमागे दिसते. तिचा फटका याआधी एका अत्यंत सश्रद्ध प्रकल्पास बसला होता. जपानी निर्माते युगो साको १९८३ साली रामायणविषयक उत्खननांवरील माहितीपटासाठी भारतात आले. वृत्तपत्रातील चुकीच्या बातमीमुळे ते रामायणावर चित्रपट काढत आहेत असा समज झाला आणि विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेध नोंदविला. गैरसमज दूर झाल्यावर साकोंनीच ॲनिमेशनचा प्रस्ताव मांडला. रामाचे देवत्व नटाच्या देहात मावणार नाही, चित्रात मावेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारतीय शासनाने अखेर सहनिर्मितीस नकार दिला, कारण विषय नाजूक होता आणि अयोध्येचा वाद पेटत होता.

चित्रपट मग जपानमध्ये बनला. भारतीय बाजू मुंबईचे राम मोहन यांनी सांभाळली. फिल्म्स डिव्हिजनच्या १९५६ साली मुंबईत सुरू झालेल्या कार्टून विभागात, डिस्नेचे क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली, ते घडले होते. संगीत वनराज भाटिया यांचे, संस्कृत गीतरचना वसंत देव यांची. १९९२ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. पण बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या त्या काळात त्यास सार्वत्रिक प्रदर्शन लाभले नाही. पुढे दूरचित्रवाहिन्यांवरून तो एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला, आणि भारतीय चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर आला तो २४ जानेवारी २०२५ रोजी. साको २०१२ साली आणि राम मोहन २०१९ साली निवर्तले होते. मुंबईतील चित्रकारांची जी पिढी त्या यशावर उभी राहू शकली असती, तिने त्याऐवजी जाहिराती आणि परदेशी कंपन्यांची कंत्राटी कामे केली. श्रद्धेने काढलेले चित्र आणि थट्टेने काढलेले चित्र, दोघांनाही अडविणारी यंत्रणा एकच होती, आणि ती चित्र पाहण्यापूर्वीच कामास लागत होती.

पुनरागमन

लॉर्ड आणि मिलर यांची कारकीर्द मालिका बंद पडल्याने थांबली नाही. २०१४ चा ‘द लेगो मूव्ही’ त्यांनी दिग्दर्शित केला आणि त्यांची निर्मिती असलेल्या २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटास ऑस्कर मिळाले. दरम्यान ‘क्लोन हाय’चे जुने भाग महाविद्यालयीन प्रेक्षकांत हातोहात फिरत राहिले आणि तिला चाहते लाभले. मूळ हंगामाच्या शेवटी सर्व विद्यार्थी शीतगृहात गोठून जातात, असे दाखविले होते. २३ मे २०२३ रोजी मॅक्स या प्रक्षेपणसेवेवर मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा वीस वर्षांनी त्यांना वितळविण्यात आले. लिंकन, जोन, क्लिओपात्रा आणि केनेडी परतले. फ्रिडा काहलो, हॅरिएट टबमन, कन्फ्यूशियस ही नवी पात्रे आली. गांधींचा क्लोन प्रमुख पात्रांतून वगळण्यात आला. प्रत्येकी दहा भागांचे दोन हंगाम झाल्यावर २०२४ साली मालिका दुसऱ्यांदा रद्द झाली. या वेळी कोठेही उपोषण झाले नव्हते.